समाधानी आहात का? हाव, समाधानी!

परवा मामाच्या गावाला गेलतो तर एक पोरगा टॅब घेऊन आला, दिव्यांग साहित्याचा सर्वे करायलोय म्हणला. प्रश्न तीनच. साहित्य मिळालं का, चालू आहे का, समाधानी आहात का. मामा सगळ्याला हाव म्हणले. मग म्हणे सायकलीवर बसून फोटो पाहिजे. तीनचाकी होती गोठ्यात, तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या अन् हँडलवर कोंबडी. मामीनं पेंढ्या काढल्या, फडकं मारलं, आम्ही दोघांनी मामाला उचलून बसवलं, फोटो झाला, पोरगा गेला.

मी म्हणलं मामा, समाधानी कशाला म्हणलात? तर म्हणे, "नाही म्हणलं अन् पुढच्या वेळी यादीतून नावच उडवलं तर?"

बरं सायकल खराब नाही बगा. पण आमची काळी माती, पाऊस पडला की चिखल चाकाला असा गच्च बसतो की बैलगाडी निघत नाही तिथं हातानं फिरवायची तीनचाकी काय निघणार. साहित्य द्यायच्या कॅम्पात माप घेणाऱ्यानं घरापासून डांबरी किती लांब एवढं जरी विचारलं असतं तरी कळलं असतं.

मी स्वतः फिजिओ आहे. लहान लेकराला दिलेला कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) पोरगं वाढलं की आखूड पडतो, कानाच्या मशीनचा सेल आठ-पंधरा दिवसांत संपतो अन् गावात मिळत नाही, मग मशीन डब्यात. हे आम्हाला रोज दिसायलंय, पण किती साहित्य वाटप केलं ते मोजतात, किती वापरात आहे ते विचारायला आमच्याकडं आजपर्यंत कुणी आलं नाही. आणि ज्यानं वाटप केलं त्यानंच समाधानी का विचारलं तर गरीब माणूस दुसरं काय सांगणार!

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 48 मध्ये सोशल ऑडिट, म्हणजे योजनेची लोकांसमोर तपासणी, आहे की. रोजगार हमीचं ऑडिट ग्रामसभेत वाचतात (कसं वाचतात ते जाऊद्या), तसं ग्रामपंचायतीनं दिव्यांगांसाठी ठेवायच्या 5 टक्के निधीचं वाचा, साहित्य दिल्यावर सहा महिन्यांनी घरी जा, सोबत एक फिजिओ अन् गावातलाच एखादा दिव्यांग घ्या, अन् फोटो नंतर काढा.

निघताना मामाला विचारलं, तुम्हाला नेमकं काय पाहिजे होतं? लगेच म्हणले, "संडासात धरायला एक दांडी. रात्री तुझ्या मामीला उठवावं लागतं रे."