'एजंटांचं दुकान' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

दुबईत शाखा काढणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांनी कागदपत्रं कशी प्रमाणित करून घ्यावीत, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: "भारत २००५ पासून अपोस्टील करारात आहे. ५० रुपयांच्या शिक्क्यात काम होतं. चेंबर, दूतावास वगैरे सांगून तुम्ही एजंटांचं दुकान चालवताय." (अपोस्टील म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा एकच सरकारी शिक्का, जो करारातल्या देशांत चालतो.) शिवाय डिजिटल सही आणि भाषांतराचे दर यांवरही तुम्ही बरंच लिहिलंय.

आधी दुकानाबद्दल बोलू. मुद्दा पटला नाही तर तसं म्हणा, माझी काहीच हरकत नाही. पण ओळख ना पाळख, आणि थेट माणसाच्या सचोटीवर बोट? भोसरीतल्या लघुउद्योजकांची कंपनी सेक्रेटरीची कामं करण्यात माझं उभं आयुष्य गेलं. एजंटाकडून एक रुपया कमिशन घेतलेलं नाही. उलट नोटरी आणि चेंबरची कामं स्वतः जाऊन करता येतात, त्यासाठी कुणाला पैसे मोजू नका, असंच मी लेखात लिहिलं होतं. तो परिच्छेद तुम्ही वाचलात का? की शीर्षक बघूनच लिहायला बसलात?

आता तुमचा करार. भारत त्यात आहे, १४ जुलै २००५ पासून. पण कागद जिथे दाखवायचा, तो देशही करारात असावा लागतो, आणि संयुक्त अरब अमिराती त्यात नाही. मग तिथे अपोस्टीलला विचारतो कोण? तिथे भारतीय कंपनीच भागधारक असेल किंवा तिची शाखा काढायची असेल, तर नोटरी, मग चेंबर ऑफ कॉमर्स, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा इथला दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र मंत्रालय, असंच जावं लागतं. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या सहीशिक्क्याची खातरजमा होते, मजकुराची नाही. मधला एक टप्पा गाळलात, तर पुढच्या अधिकाऱ्याने ताडून बघायचं तरी कशाशी? तो कागदाला हात लावत नाही. हे नियम मी केलेले नाहीत.

माझ्या एका क्लायंटने असंच कुणाचं तरी ऐकून मेमोरँडम, आर्टिकल्स (कंपनीच्या स्थापनेची आणि नियमांची कागदपत्रं) आणि बोर्ड रेझोल्यूशनवर (संचालक मंडळाच्या ठरावावर) अपोस्टील करून घेतलं. दुबईतून फाईल परत आली. पुन्हा नोटरीपासून सुरुवात केली, तर क्लायंटच्या ऑफिसातल्या मुलाने स्कॅन करायला पिना काढल्या आणि परत मारल्या. काउंटरवरच्या बाईंनी कोपरा उजेडात धरला. पिनेच्या भोकांची दुसरी जोडी दिसत होती, नोटरीच्या लाल शिक्क्याचे दोन पानांवरचे अर्धे भाग जुळत नव्हते; म्हणजे मधलं पान बदललं असेल, अशी शंका. गठ्ठा तसाच परत सरकवला. तिकडे घेतलेल्या गाळ्याचं भाडं तोवर चालूच होतं. तो माणूस माझ्यासमोर डोकं धरून बसला होता. त्याला जाऊन सांगा, ५० रुपयांत काम होतं म्हणून.

एक मान्य करतो. मी सरसकट 'आखाती देश' असं लिहिलं होतं. सौदी डिसेंबर २०२२ पासून करारात आहे, ओमान आणि बहारीन त्याच्याही आधीपासून. तिथे अपोस्टील चालतं. लेखात तेवढा बदल केला आहे. पण लेख दुबईवर होता आणि तुमचा आक्षेपही दुबईबद्दलच होता.

डिजिटल सही आणि भाषांतराच्या दरांचा इथे संबंध नाही, त्यात शिरत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पण ती वाचून कुणी चुकीच्या शिक्क्यावर पैसे आणि महिने घालवू नयेत, म्हणून हे उत्तर तिच्या लगेच खाली ठेवतोय. करार तुम्ही पुन्हा वाचा किंवा वाचू नका, पण 'एजंटांचं दुकान' हे शब्द मात्र मागे घ्या.