'बँक बघून घेईल' हे अर्धंच खरं आहे

भोसरी-चाकणच्या उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर साधारण असा: "स्विफ्टचं जुनं फॉरमॅट २२ नोव्हेंबर २०२५ ला बंद होऊन आयएसओ २००२२ आलं. हे बँकांचं काम आहे. त्यांची सिस्टिम सगळं आपोआप बदलून घेते. तारीख होऊन गेली, कुणाचं पेमेंट अडलं नाही. यात फायदा बँकांचा, आपला काही नाही. छोट्या युनिटने काहीही करायची गरज नाही." शेवटी अर्थातच 'सर्वांना पाठवा'. (स्विफ्ट म्हणजे परदेशी पेमेंटचे संदेश बँकांमध्ये पोचवणारं जाळं, आणि आयएसओ २००२२ हे त्या संदेशांचं नवं मानक.)

लहान-मध्यम कारखान्यांची परदेशी देणी-घेणी सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. एका ठिकाणी पुरवठादारांचे पत्ते नीट करायला घेतले होते, ते हा मेसेज आल्यावर मालकांनी थांबवायला सांगितलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी बरोबर काय ते. तारीख बरोबर आहे. मार्च २०२३ पासून जुने आणि नवे संदेश शेजारी शेजारी चालत होते. २२ नोव्हेंबर २०२५ ला ती मुदत संपली आणि बँकांमधल्या परदेशी पेमेंटसाठी एमटी १०३, एमटी २०२ या जुन्या संदेशांची जागा पॅक्स ००८, पॅक्स ००९ या नव्या संदेशांनी घेतली. तुमचा खाते क्रमांक, आयएफएससी, बँकेचा स्विफ्ट कोड यांतलं काहीही बदललेलं नाही. महिन्याला दोन-चार पेमेंट शाखेत फॉर्म भरून पाठवणाऱ्याने त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर घेण्याचीही गरज नाही. इथवर मेसेजशी माझं भांडण नाही.

"बँकेची सिस्टिम सगळं आपोआप बदलून घेते."

सिस्टिम साचा बदलते. आपण जी माहिती दिलीच नाही, ती सिस्टिम कुठून आणणार? जुन्या एमटी १०३ मध्ये पैसे घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता मिळून ३५ अक्षरांच्या चार ओळी असायच्या. त्यात काय कुठे लिहायचं याला फारसा धरबंध नव्हता. नव्या संदेशात शहराला वेगळा रकाना आहे, देशाच्या दोन अक्षरी कोडला वेगळा, पिनकोडला वेगळा.

आता आपल्याकडचा नेहमीचा पत्ता घ्या: 'गट नं. अमुक, पुणे-नाशिक रोड, नाणेकरवाडी, चाकण, ता. खेड, जि. पुणे ४१०५०१'. कारखाना चाकणला आहे हे तुम्हा-आम्हाला वाचताक्षणी कळतं. यंत्राला काय दिसतं? पुणे दोनदा, नाशिक एकदा, शिवाय खेड, आणि खेड तर रत्नागिरी जिल्ह्यातही आहे. यातलं शहर कोणतं, हे यंत्राने ठरवायचं म्हणजे अंदाज करायचा. अंदाज चुकला की पेमेंट छाननीत अडकतं, तिकडच्या बँकेतून विचारणा येते, तिचं उत्तर जाईपर्यंत पैसे मधल्या मध्ये. परत आलेच तर बँकेचे चार्जेस जातात आणि डॉलरचा दरही तोवर बदललेला असतो.

हाच पत्ता नीट लिहायला पाच मिनिटं लागतात. शहर चाकण, पिन ४१०५०१, देश 'आयएन', ही तीन घरं भरली की गट नंबर, रस्ता, वाडी हे ७० अक्षरांच्या दोन ओळींत मोकळेपणाने लिहिता येतं. फक्त रकान्यात दिलेलं शहर त्या ओळींत पुन्हा टाकायचं नाही. शहराच्या जागी चाकण लिहावं की पुणे, असं मला बरेच जण विचारतात. माझं मत: बँकेच्या केवायसीत जे आहे ते धरा आणि इनव्हॉइस, प्रोफॉर्मा, लेटरहेड सगळीकडे तेच ठेवा. तुमचा जर्मनीतला ग्राहक तुमचा पत्ता तुमच्याच इनव्हॉइसवरून उचलणार आहे. तिथे कंपनीचं नाव एक आणि खात्यावर दुसरं असलं, तर त्याची बँक काय करणार?

उलट दिशेलाही तेच आहे. तैवानहून स्पिंडल किंवा इटलीहून मशिनचे पार्ट मागवताना लाभार्थ्याचा पत्ता आपल्या व्हेंडर मास्टरमधून, म्हणजे संगणकातल्या पुरवठादारांच्या यादीतून जातो. हे मास्टर उघडून बघाच. 'अ‍ॅड्रेस १, २, ३' अशा ओळींत कुठे फोन नंबर, कुठे सेल्सवाल्याचं नाव, कुठे देशाच्या जागी नुसतं शहर. हे साफ करणं तुमच्या अकाउंट्सचंच काम आहे, कारण पुरवठादाराला विचारू शकणारे तुम्हीच.

"तारीख होऊन गेली, कुणाचं पेमेंट अडलं नाही."

सरसकट अडलं नाही, कारण सगळा पत्ता ओळींत कोंबलेला असला तरी तो अजून चालवून घेतला जातोय. ही सवलत नोव्हेंबर २०२६ पर्यंतच आहे. त्यानंतर निदान शहर आणि देश आपापल्या रकान्यात नसलेला पत्ता परदेशी पेमेंटमध्ये चालणार नाही, असं स्विफ्टचं वेळापत्रक सांगतं. म्हणजे उद्योगाच्या दृष्टीने खरी तारीख पुढेच आहे. शंभरभर परदेशी पुरवठादारांना मेल करून, आठवण करून, उत्तरं तपासून मास्टरमध्ये भरायला किती महिने जातात, हे ज्याने केलंय त्याला सांगायला नको.

"छोट्या युनिटने काहीही करायची गरज नाही."

तुम्ही पेमेंट कसं पाठवता यावर ते आहे. नेटबँकिंगवरून पाठवत असाल तर सेव्ह केलेले लाभार्थी एकदा उघडून बघा. नव्या स्क्रीनवर रकाने आले असतील, पण जुन्या नोंदी जुन्याच असू शकतात. शाखेच्या फॉर्मवर शहर, देश वेगळे लिहा. सहकारी बँकेत खातं असेल आणि तिचे परदेशी व्यवहार दुसऱ्या बँकेमार्फत जात असतील, तर तुमची माहिती मध्ये आणखी एका हातातून जाते, म्हणून ती जास्त नेटकी हवी.

ईआरपीतून, म्हणजे कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून, पेमेंटची फाइल काढून बँकेला देणाऱ्यांचं काम सगळ्यात मोठं आहे. बँक जुनी टेक्स्ट फाइल घेत राहील की पेन ००१ ही नव्या मानकाची एक्सएमएल फाइल लागेल, पेन ००१ ची कोणती आवृत्ती, हे बँकेगणिक वेगळं असतं. आणि एक बारीक गोष्ट. आपल्याकडे निम्म्या फर्मच्या नावात '&' असतं. जुन्या एमटी संदेशात हे चिन्ह चालतच नव्हतं, म्हणून कुणी 'अँड' लिहायचं, कुणी ते गाळायचं. नव्या संदेशात नावापुरतं ते चालतं, पण एक्सएमएल फाइलमध्ये ते जसंच्या तसं टाकलं की फाइलच वाचता येत नाही. त्याला ठरलेल्या सांकेतिक रूपातच लिहावं लागतं. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ही काळजी घेतलेली असते. पण एक्सेलच्या मॅक्रोने फाइल बनवणारे पुण्यात कमी नाहीत, आणि तिथे एका नावामुळे पूर्ण फाइल परत येते. पगाराच्या किंवा कस्टम्सच्या दिवशी हे कळण्यापेक्षा आत्ता चाचणी फाइल पाठवलेली बरी.

"यात फायदा बँकांचा, आपला काही नाही."

निर्यातदाराने असं म्हणावं याचं मला वाईट वाटतं. ग्राहक एका वायरमध्ये बऱ्याच इनव्हॉइसचे पैसे पाठवतो, एखादी डेबिट नोट वजा करतो, मधली बँक आपले चार्जेस कापते. जुन्या संदेशात तपशिलाला १४० अक्षरं होती. त्यात इनव्हॉइस नंबर मावायचे नाहीत. मग शिपिंग बिलाशी मेळ लावायला आपला माणूस ग्राहकाला मेल करत बसायचा आणि ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का यावर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत, नोंदी उघड्या राहायच्या. नव्या संदेशात प्रत्येक इनव्हॉइसचा नंबर, रक्कम, वजावट स्वतंत्रपणे येऊ शकते. चार्जेस कोणी किती कापले, त्यालाही जागा आहे. हे तुमच्यापर्यंत पोचेल का, हे ग्राहक काय भरतो आणि तुमची बँक अ‍ॅडव्हाइसमध्ये किंवा कॅम्ट ०५३ या नव्या साच्यातल्या खाते-स्टेटमेंटमध्ये काय दाखवते यावर आहे. दोघांकडेही मागितल्याशिवाय मिळणार नाही. पैसे निघाले असं ग्राहक म्हणाला की त्याच्याकडून यूईटीआर, म्हणजे त्या पेमेंटचा ३६ अक्षरांचा माग काढण्याचा नंबर घ्या. त्यावर बँकेला पैसे कुठे थांबलेत ते शोधता येतं. हा नंबर २०१८ पासून आहे आणि तरी फार थोडे लोक मागतात.

देशातल्या पेमेंटबद्दल थोडक्यात: आपलं आरटीजीएस २०१३ पासूनच आयएसओ २००२२ वर चालतं, तिथे धांदल करू नका. ५० कोटी आणि त्यावरच्या व्यवहारांना एलईआय (कंपनीचा जागतिक ओळख क्रमांक) लागतो, देशात २०२१ पासून आणि परदेशी व्यवहारांना ऑक्टोबर २०२२ पासून. काही ग्रुपवर याच मेसेजला 'आयएसओ २००२२ मान्यताप्राप्त कॉइन घ्या' अशी क्रिप्टोची पुरवणी जोडलेली दिसते. हे मानक संदेशाचं आहे. ते कुठल्याही कॉइनला मान्यता देत नाही. त्यापायी पैसे घालवू नका.

आता एक धोका, जो या मेसेजमध्ये नाही आणि असायला हवा होता. पत्ते मागवण्याच्या या गडबडीत पुरवठादाराच्या नावाने बनावट मेल येणं अगदी सोपं आहे: 'नव्या आयएसओ नियमामुळे आमचं बँक खातं बदललं आहे, पुढचं पेमेंट इथे करा.' या मानकामुळे कुणाचाही खाते क्रमांक बदलत नाही. असा मेल आला तर त्याला उत्तर देऊ नका, त्यात दिलेल्या नंबरवर फोनही करू नका. जुन्या पर्चेस ऑर्डरवरचा नंबर काढून, ज्यांच्याशी नेहमी बोलता त्यांच्याशी बोला आणि मगच मास्टरला हात लावा. पत्ता बदलण्याचा आणि खातं बदलण्याचा अधिकार ऑफिसात एकाच माणसाकडे असेल, तर तो या आठवड्यातच वेगळा करा.