सावलीत बसलात की एकदा वर बघा

मैदानाच्या कडेला एकटंच उभं असलेलं झाड. परवा माझी लेक दुपारभर त्याच्या सावलीत खेळत होती आणि मी निर्धास्त होते. संध्याकाळी तोंड धुताना तिचे गाल चुरचुरायला लागले. नाकाचा शेंडा आणि कानांच्या कडा लालबुंद. "आई, मी उन्हात गेलेच नाही गं," ती म्हणाली. ते खरंच होतं.

आपण सावली पारखतो ती डोळ्यांनी आणि अंगाला लागणाऱ्या गारव्यावरून. पण त्वचा भाजते ती सूर्याच्या अतिनील (यूव्ही) किरणांनी, आणि ते ना दिसतात, ना त्यांची ऊब जाणवते. शिवाय ते फक्त थेट सूर्याकडूनच येतात असंही नाही. तरंगलांबी जितकी कमी, तितका हवेचे रेणू प्रकाश जास्त विखुरतात. आभाळ निळं दिसतं ते त्यामुळेच. अतिनील किरण त्या निळ्याच्याही पलीकडचे, ४०० नॅनोमीटरच्या आतले. त्वचा भाजणारे यूव्ही-बी तर २८० ते ३१५ नॅनोमीटरमधले. म्हणून जमिनीवर पोचणाऱ्या यूव्ही-बीचा फार मोठा वाटा, सूर्य डोक्यावर असतानासुद्धा साधारण निम्मा, अख्ख्या आभाळातून उतरतो. झाड सूर्याच्या आड येतं, आभाळाच्या नाही.

यात पानांचा काहीच दोष नाही. पान यूव्ही-बी जवळजवळ सगळं शोषून घेतं. घोळ असतो तो बाजूंच्या मोकळ्या जागेचा. खाली कोरडी वाळू असेल तर तीही तिच्यावर पडणाऱ्या अतिनील किरणांपैकी १५ टक्क्यांच्या आसपास परतवते. ताजा बर्फ तर ८० टक्क्यांपर्यंत.

माझं म्हणणं एवढंच, की सावली किती गडद आहे ते बघू नका. पाठ टेकून वर आणि चहूबाजूंना बघा, आभाळ किती दिसतंय ते. अर्धं दिसत असेल तर टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन सावलीतही हवंच. यूव्ही निर्देशांक, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा, ३ किंवा त्याहून जास्त असला, की मी आता हे टाळत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून खटकते. खेळायच्या जागांवरच्या झाडांच्या खालच्या फांद्या "मोकळं वाटावं" म्हणून सरसकट छाटतात. बाजूचं आभाळ झाकत होत्या त्या नेमक्या ह्याच फांद्या! झाडं लावतानाही दूरदूर एकेक लावतात. चारपाच जवळ लावली, तर एकाची उघडी बाजू दुसरं झाकेल.

काल आम्ही सतरंजी त्या एकट्या झाडाखालून उचलली आणि पलीकडच्या दाटीत नेली. लेक उताणी पडून आभाळाचे तुकडे मोजत होती. सात भरले.