ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून एक दिवस थांबून पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की खऱ्या रस्त्यावरच्या चित्रकाराला प्रसिद्धीची हाव नव्हती, ती इन्स्टाग्रामने लावली. आणि सोशल मीडियामुळे रस्त्यावरच्या चित्रकारांना मिळणाऱ्या प्रसिद्धीवरचा माझा लेख म्हणजे त्या जाहिरातबाजीची आरती आहे.

हाव नव्हती हे काही मला पटत नाही. ग्राफिटी, म्हणजे भिंतींवरची ही लिखाई-चित्रं, सुरू झाली तीच मुळी नावापासून. न्यूयॉर्कमध्ये निरोप्याचं काम करणारा एक पोरगा जाईल तिथे मार्करने ‘टॅकी १८३’ लिहीत सुटला होता. २१ जुलै १९७१ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि नावं लिहिणाऱ्यांचं पेवच फुटलं. तेव्हा कुणाच्या खिशात फोन होता? शहरभर स्वतःचं नाव लिहायचं आणि वर प्रसिद्धी नको म्हणायचं, हे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं.

न्यूयॉर्कचाच चित्रकार कीथ हेरिंग घ्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर, जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींतल्या काळ्या कागदावर खडूने चित्रं काढायचा. खडूच तो, पुसला जायचा, नाहीतर वर नवी जाहिरात चिकटायची. त्यातली कितीतरी आज आपल्याला दिसतात, कारण त्याचा मित्र त्सेंग क्वाँग ची मागोमाग फिरून फोटो काढत होता. आठवडाभर टिकेल याचीही खात्री नसलेल्या चित्राचं पुढचं आयुष्य फोटोतच जातं.

स्वतःची ओळख लपवून भिंती रंगवणारा ब्रिटिश चित्रकार ‘बँक्सी म्हणजे नुसतं मार्केटिंग’ असंही तुम्ही लिहिलंत. ऑक्टोबर २०१३मध्ये तो महिनाभर न्यूयॉर्कमध्ये रोज काहीतरी करून ते इंटरनेटवर जाहीर करत होता. त्यात एक दिवस त्याने सेंट्रल पार्कपाशी एक साधा स्टॉल लावला, एका म्हाताऱ्याला बसवलं आणि स्वतःची अस्सल चित्रं ६० डॉलरला एक अशी मांडली. स्टॉलवर बँक्सीच्या नावाची पाटी नाही. माणसं बघून न बघितल्यासारखी पुढे जात होती. एका बाईंनी तर घासाघीस करून दोन चित्रं निम्म्या भावात नेली! दिवसाचा गल्ला ४२० डॉलर. मग त्याने व्हिडिओ टाकला आणि ती चित्रं कुणाची होती हे जगाला कळलं. यात तुमचा मुद्दाही सिद्ध होतो, हे मला दिसतंय. चित्रं तीच, फरक फक्त नावाच्या गाजण्याचा. पण हे उघडं पाडणारा माणूस बँक्सीच होता, आणि नुसतं मार्केटिंग करणारा स्वतःचंच पितळ असं उघडं पाडत नाही.

गाजण्याचा उपयोग कधीकधी कोर्टातही होतो. न्यूयॉर्कमध्येच ‘फाइव्ह पॉइंट्झ’ नावाच्या इमारतीवरची चित्रं मालकाने २०१३मध्ये एका रात्रीत पांढऱ्या रंगाखाली गाडली. २०१८मध्ये न्यायाधीशांनी २१ चित्रकारांना ६७ लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. अमेरिकी कायद्यानुसार ती चित्रं मान्यताप्राप्त दर्जाची आहेत हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठीच्या पुराव्यांत वर्तमानपत्रं आणि व्हिडिओंबरोबर सोशल मीडियावरची चर्चाही होती. त्याच भिंतीवर कुणी न पाहिलेलं तितकंच चांगलं चित्र असतं तर? त्याची बाजू लंगडीच पडली असती. हे मला अस्वस्थ करतं.

आता तुमचं जे खरं आहे ते. कॅमेऱ्यासाठी भिंती रंगू लागल्या आहेत. एका चौकटीत मावणारा प्रचंड चेहरा, भडक रंग, नाहीतर दोन पंख आणि मधे माणसाने उभं राहायला सोडलेली जागा. कोपऱ्यावरून वळल्यावर अचानक दिसावं, बाजूच्या फुटक्या पाइपाशी खेळावं, अशी चित्रं फोटोत मार खातात. म्हणून ती कमी गाजतात, आणि मग पुढची भिंत देणाराही पंखच मागतो. इटलीतल्या ब्लू नावाच्या भित्तिचित्रकारासारखा एखादाच या सगळ्यावर पाणी सोडतो. त्याने २०१६मध्ये बोलोन्या शहरातली स्वतःची वीस वर्षांची कामं करड्या रंगाने पुसून टाकली, कारण भिंतींवरून उतरवून घेतलेली चित्रं एका प्रदर्शनात लागणार होती. ती बातमीही जगभर पसरली, हा भाग वेगळा.

‘आता प्रसिद्ध व्हायला कुणाच्या परवानगीची गरज उरली नाही’ असं मी लिहिलं होतं. ते भाबडं होतं. तेव्हा संपादक ठरवायचा, आता अल्गोरिदम ठरवतो. संपादकाला निदान पत्र तरी लिहिता यायचं. ते वाक्य आज लेखातून काढलं आहे. लेखातला टॅकीचा परिच्छेद मात्र आहे तसाच राहील.