‘निम्मे ग्रॅज्युएट नोकरीच्या लायकीचे नाहीत’ म्हणे! कोणी मोजलं, कसं मोजलं?

परत तो फॉरवर्ड फिरायला लागलाय. "देशातले निम्मे ग्रॅज्युएट नोकरीच्या लायकीचे नाहीत, सरकारनेच मोजून सांगितलंय. नोकऱ्या भरपूर आहेत, पोरंच कच्ची." फॅमिली ग्रुपवर रिटायर्ड मंडळींनी धडाधड अंगठे दिले, आणि फायनल इयरची पोरं त्याच ग्रुपवर गप्प. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"सरकारने मोजलं." नाही मोजलं. 2023-24 च्या आर्थिक पाहणीत 51.25 टक्के लायक हा आकडा आहे खरा, पण तो इंडिया स्किल्स रिपोर्टमधून घेतलेला आहे आणि त्या रिपोर्टमागे आहे व्हीबॉक्स कंपनीची ऑनलाइन टेस्ट. टेस्ट घेणं हाच त्यांचा धंदा, त्यात पाप काही नाही, पण जनगणनेसारखं घरोघर जाऊन कोणी मोजलेलं नाहीये, टेस्टला बसले त्यांचे मार्क आहेत ते.

"निम्मे." कुठले निम्मे? 2025 चा हाच स्किल्स रिपोर्ट 54.81 टक्के लायक म्हणतो, आणि मर्सर मेटल या टेस्ट घेणाऱ्या दुसऱ्या कंपनीचा 2025 चा इंडेक्स म्हणतो 42.6. वर गंमत अशी की पहिल्याचा आकडा आदल्या वर्षापेक्षा चढलाय आणि दुसऱ्याचा 2023 च्या 44.3 वरून उतरलाय. एकाच पेशंटला दोन थर्मामीटर लावले, एक म्हणतो ताप चढला, दुसरा म्हणतो उतरला, तर आधी थर्मामीटर बघाल की पेशंटला शिव्या द्याल? (2025 च्या त्याच स्किल्स रिपोर्टमध्ये महाराष्ट्र 84 टक्क्यांनी पहिला आहे. तो फॉरवर्ड मात्र मला अजून कोणी पाठवला नाही.)

"नोकऱ्या भरपूर आहेत." इथे खरी मेख आहे. 2019 मध्ये अस्पायरिंग माइंड्स या अशाच टेस्ट घेणाऱ्या कंपनीचा रिपोर्ट आला होता, 80 टक्के इंजिनिअर नॉलेज इकॉनॉमीतल्या नोकऱ्यांच्या लायक नाहीत, तेव्हाही असाच गदारोळ झाला. मग 2021-22 मध्ये एकट्या टीसीएसने 1 लाख फ्रेशर घेतले, इन्फोसिसने 85 हजार. दोन वर्षांत पोरं एकदम हुशार झाली का? आणि 2023-24 मध्ये इन्फोसिसने घेतले फक्त 11,900, मग काय परत ढ झाली? सिलॅबस तोच, कॉलेजं तीच, मास्तर तेच, बदलली ती कंपन्यांची गरज, पण हे कुठल्याच एम्प्लॉयबिलिटी टेस्टमध्ये दिसत नाही कारण टेस्ट फक्त पोराला तपासते, नोकरी शिल्लक आहे का ते तपासतच नाही. 2022 च्या बॅचच्या सुमारे 2000 जणांचं तर पुण्याच्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मांडलंच होतं ना, सिलेक्शन झालेलं, ऑफर लेटर हातात, आणि जॉइनिंगसाठी दोन-दोन वर्षं वाट बघणं. ही लायक ठरलेली पोरं होती बरं का.

"पोरंच कच्ची." यात थोडं तथ्य आहे, उगाच नाकारत नाही. प्रोजेक्ट विकत आणून सबमिट करणारे, चार ओळींचा मेल लिहिताना घाम फुटणारे आहेतच. पण अशा टेस्टमध्ये भर असतो इंग्रजी, आकडेमोड, रिझनिंग यांवर, आणि पास-नापासची रेघ टेस्ट घेणारी कंपनीच आखते. तालुक्याच्या कॉलेजातली, मराठी मीडियममधून आलेली एखादी पोरगी लॅबमध्ये एक नंबर असेल, पण प्रश्न इंग्रजीत वाचण्यातच तिचा निम्मा वेळ जातो. नापास झाली की ती त्या "निम्म्यां"त जमा.

मोजायचंच असेल तर पास झाल्यावर पोरं कुठे पोचली ते मोजा. ब्रिटनमध्ये कोर्स संपल्यावर 15 महिन्यांनी प्रत्येकाला विचारतात की सध्या काय करताय, ते काम तुमच्या शिक्षणाशी जुळतंय का. आपल्याकडे एनआयआरएफ या सरकारी कॉलेज रँकिंगमध्ये प्लेसमेंट आणि पगाराचे आकडे मागतात, पण ते भरून देतं कोण, तर कॉलेजच.