फिल्मचे मेगापिक्सेल मोजू नका

फिल्म श्रेष्ठ की डिजिटल, हा वाद निघाला की कोणीतरी हटकून विचारतो, 'फिल्म म्हणजे नेमकी किती मेगापिक्सेलची?' हिशेब करता येतो. ३५ मिमी निगेटिव्हची चौकट २४ बाय ३६ मिमीची असते. ती इंचाला ४००० बिंदूंनी स्कॅन केली, तर साधारण २१ मेगापिक्सेलची फाइल हाती येते. मात्र त्यातले सगळेच बिंदू तपशील देत नाहीत, बरेचसे नुसता ग्रेन, म्हणजे फिल्मचा रवाळपणा, दाखवतात. १२ बाय ८ इंचांच्या चांगल्या प्रिंटला साडेआठ-पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. रिझोल्यूशनपुरता हा वाद डिजिटलने केव्हाच जिंकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा फरक उजेडाच्या पायऱ्यांत आहे, आणि तो मराठवाड्याच्या उन्हात लगेच कळतो. परभणीकडे कापूस वेचणीच्या दिवसांत भर दुपारी फोटो काढून पाहा. खाली काळी जमीन, तिच्यावर फुटलेला पांढराशुभ्र कापूस आणि वेचणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर पदराची सावली. डिजिटल कॅमेऱ्यातल्या सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, पिक्सेल प्रकाशाने एकदा काठोकाठ भरला, की पुढचा उजेड तो नोंदवतच नाही. जेपीईजीत, म्हणजे कॅमेरा तयार करून देतो त्या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये, तिथे तिन्ही रंगांचा २५५ हा एकच आकडा उरतो आणि बोंडातल्या कापसाच्या जागी सपाट पांढरा डाग दिसतो, जो संगणकावर कितीही खटपट केली तरी परत उलगडत नाही. कलर निगेटिव्हवर मात्र उजेड वाढेल तशी घनता, म्हणजे गडदपणा, हळूहळू का होईना वाढत राहते, त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू दिलेला प्रकाश, एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) जास्त झाले तरी कापसाचा पोत शाबूत राहतो. (प्रोजेक्टरवर दाखवायच्या स्लाइड फिल्मकडे हे औदार्य नव्हते.) म्हणूनच निगेटिव्हवर काम करणारे सावली पाहून एक्स्पोजर ठरवत, डिजिटलमध्ये आधी उजेड सांभाळावा लागतो.

उजेड सांभाळला की चेहरा काळवंडतो, आणि तिथे बिट, म्हणजे उजेडाच्या किती पायऱ्या नोंदता येतात ते ठरवणारा आकडा, कामाला येतात. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, १६,३८४. त्यांतल्याही निम्म्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये खर्च होतात आणि सावलीच्या वाट्याला मोजक्याच येतात. पदराखालचा चेहरा जेपीईजीतून ओढून उजळला, तर गालावर रंगांचे पट्टे उमटतात. रॉमधून तो बऱ्यापैकी निभावतो.

शिवाय बहुतेक सेन्सरांचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमधल्या जाळीत निम्मे पिक्सेल हिरवे असतात, बाकीचे लाल आणि निळे. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरले जातात. रंगीत फिल्ममध्ये तिन्ही रंगांचे थर एकावर एक असतात.

एवढे असूनही सगळ्यांनी रोलकडे परत वळावे, असे मी म्हणणार नाही. मात्र दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा सांगू लागला, तर त्याला आधी रॉ किती बिटची मिळते, हे जरूर विचारावे.