लंबकाचं घड्याळ बंद पडलं म्हणून कुणी मरत नाही

शुक्रवार पेठेतली माझी आत्या आजोबांचं लंबकाचं घड्याळ भिंतीवरून उतरवून पंचगंगेत सोडायला निघाली होती. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला मेसेज हे त्याचं कारण. त्यात म्हटलंय: असं घड्याळ बंद पडलं की घरातला कर्ता माणूस जातो, म्हणून ते नदीत सोडावं, घड्याळाला ताकद लंबक देतो, जड लंबक सावकाश हलतो, एका भिंतीवरची दोन घड्याळं एकमेकांची चाल बिघडवतात, आणि हे घड्याळ गॅलिलिओनं बनवलं.

आधी मरणाचं बघू, कारण असल्या मेसेजनं म्हातारी माणसं रात्रभर जागी राहतात. घरोघरची ही घड्याळं बहुतेक आठ दिवसांच्या चावीची. चावी द्यायचं काम घरातल्या एकाच माणसाचं, बहुधा कर्त्याचं. तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तोच अंथरुणाला खिळला की चावी कोण देणार? आतली स्प्रिंग उलगडून संपते, आठवड्याभरात घड्याळ थांबतं. त्याच सुमारास माणूस गेला की म्हणायचं, घड्याळानं आधीच सांगितलं होतं! अहो, आजारपण आधी आलं, घड्याळ नंतर थांबलं. आणि वर लाकूड, काच, पितळ नदीत टाका म्हणून सांगता? पंचगंगेची अवस्था काय कमी वाईट आहे?

ताकद स्प्रिंगची किंवा टांगलेल्या वजनांची असते, लंबकाची नाही. लंबक झोके घेतो तसा वरचा जहाजाच्या नांगराच्या आकाराचा तुकडा दातेरी चाकाला एकेक दात पुढे सोडतो, आणि ते चाक जाता जाता लंबकाला हलका रेटा देतं. टिकटिक होते ती तिथं. झोक्याला किती वेळ लागणार हे लांबीवर ठरतं, जडपणावर नाही. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जायला एक सेकंद घेणारा लंबक साधारण ९९ सेंटीमीटरचा. तो एक मिलिमीटरनं लांबला तर घड्याळ दिवसाला सुमारे ४३ सेकंद मागे पडतं. लंबकाच्या टोकाला असलेल्या तबकडीखालचा नट त्यासाठीच असतो.

दोन घड्याळांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करावं लागेल. ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं १६६५ मध्ये एकाच आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक आपोआप एकमेकांच्या उलट दिशेनं तालात येताना पाहिले. आधाराच्या अगदी बारीक हालचालीमुळे हे घडतं, असं त्यानं १६७३ च्या ‘होरोलोजियम ऑसिलेटोरियम’ या ग्रंथात लिहून ठेवलंय. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीत अशी हालचाल जवळजवळ नसतेच.

गॅलिलिओनं उतारवयात नुसता आराखडा केला होता. चालणारं पहिलं घड्याळ १६५६ चं, तेही हायगेन्सचंच.

घड्याळ थांबलं असेल तर आधी चावी द्या. काटे एकमेकांत अडकलेत का बघा. मग कान देऊन ऐका: ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांत सारखं अंतर नसेल तर पेटी तिरकी टांगली गेलीय, खालून जराशी डावी-उजवीकडे सरकवून अंतर सारखं करा. तरीही चाललं नाही तर तेल वाळलं असेल, घड्याळजीकडे न्या.